पावसाचं विरजण

आमचे परंड्याचे शेजारी, निवृत्त मास्तर, गच्चीवरच्या हवामान यंत्राच्या नोंदी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेतात आणि तो आमच्याकडं आणून ठेवतात. म्हणतात, "विरजण हाय, जपा. आपलं नासलं तर शेजारी मागता येतं."

परवा त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. सहा वर्षांचा पाऊस त्यात. "वहिनी, विरजण द्या!" ते दारातूनच ओरडले. बायकोनं वाटीत दही दिलं. मास्तरांनी ते उभ्या उभ्याच संपवलं. "लई ग्वाड. आता पावसाचं द्या."

संध्याकाळी नोंदी परत आल्या, शनिवारनंतरचे तीन दिवस सोडून.

"भरा की अंदाजानं," मी म्हणालो.

"न लागलेलं दही वाढू व्हय?" ते डाफरले.

सकाळी वाटी परत आली. शेजाऱ्याची वाटी रिकामी द्यायची नसते, म्हणून त्यांनी तीत पेन ड्राइव्ह ठेवला होता.