वीस मिनिटं पाय न उचलता

सामान हलवण्याच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढल्यामुळे गल्लीत त्याला सगळे सामानवाला म्हणत. लोकांची कपाटं, पलंग आणि ज्या टाकवतही नाहीत नि ठेववतही नाहीत अशा वस्तू या घरातून त्या घरात नेणं, हे त्याचं काम. त्यात त्याच्या पाठीचे दोन मणके कामी आले होते. पिकअपचं इंजिन मात्र गेल्या महिन्यापर्यंत टिकलं. मग ते चढावर धापा टाकू लागलं आणि आतून टकटक ऐकू येऊ लागली. कॅमशाफ्ट झिजला होता.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला, ठिकठिकाणी उंचवटे असलेला दांडा. कुठली झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची हे तो ठरवतो. थोडक्यात, घरात जे काम बायको करते ते.

बायकोने बुधवारी सांगून टाकलं, “रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालू झाली तर ठेवा. नाहीतर भंगारात द्या आणि सोमवारपासून दादाच्या गोदामात जा.”

दादा म्हणजे तिचा भाऊ. गोदामात खुर्ची होती, पंखा होता, आणि वर दादा होता. खुर्ची-पंख्याबद्दल सामानवाल्याची काही तक्रार नव्हती.

गॅरेजवाला म्हणाला, पंधरा दिवसांनी या. म्हणून काम घरीच, अंगणात काढलं. जाळी उतरली, रेडिएटर उतरला, साखळी उतरली. रेडिएटर न्हाणीघरात गेला. अंघोळीला त्याला वळसा घालून जावं लागे. झडपा ढकलणाऱ्या काठ्या ज्या भोकातून निघाल्या त्याच भोकात परत जायला हव्यात, म्हणून त्याने बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्या ओळीने खोवून ठेवल्या. ते खोकं चार दिवस जेवणाच्या टेबलावर पाहुण्यासारखं बसून होतं. कुणी धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. बायको त्याच्या बाजूने ताट सरकवायची आणि काही बोलायची नाही. ते ऐकू येत असे.

नवा दांडा आत सरकवायला त्याला पाऊण तास लागला. आतल्या बेअरिंगला ओरखडा पडला असता तर चार दिवस पाण्यात. दांडा बसला, दातेरी चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आल्या, आणि तो तिथेच जमिनीवर आडवा झाला. आनंदाने नव्हे. उठवेना.

रविवारी दुपारी साडेतीनला, रेडिएटरसकट सगळं परत जागेवर लावून, त्याने बायकोला गाडीत बसवलं.

“अहो, मला चालवता येत नाही.”

“चालवायची नाहीये. नुसता पाय ठेवायचाय. चालू झाली की मी सांगेन त्या आवाजावर धरायची, आणि वीस मिनिटं पाय उचलायचा नाही. मंदावली तर वर तेल पुरत नाही. नवा दांडा कोरडा घासतो आणि जातो.”

“वीस मिनिटांतच?”

“पहिल्या वीस मिनिटांत जुळलं तर जुळलं.”

“लग्नाबद्दलही असंच सांगितलं होतं मला. आणि तुम्ही काय करणार?”

“पुढे उभा राहून कुठे गळतंय ते बघणार.”

तिने पायाकडे पाहिलं. “म्हणजे मी पाय उचलला, की तुम्ही उद्यापासून दादाकडे.”

“हो,” तो म्हणाला, आणि हे खरं सांगायची गरज नव्हती असं त्याला उशिरा वाटलं.

त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा फिरवली, ते पेटलं. “दाब. आणखी. बस, इथेच.”

आवाज गल्लीभर गेला. पाचव्या मिनिटाला शेजारचे मास्तर कुंपणाशी आले. दुपारची झोप हा निवृत्तीनंतरचा त्यांचा एकमेव विषय होता.

“किती वेळ हे?”

“वीस मिनिटं, मास्तर.”

“घड्याळातली की तुमची?” असं म्हणून ते खुर्ची आणायला गेले. झोप गेलीच होती, निदान तमाशा तरी.

अकराव्या मिनिटाला बायकोचा फोन वाजला. तिने तो घ्यायला हात लांबवला आणि इंजिनाचा आवाज उतरला. सामानवाल्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ओरडून उपयोग नव्हता, आणि ओरडावं इतकी ताकदही नव्हती. तिने खाली पायाकडे पाहिलं. आवाज पुन्हा जागेवर आला.

“दादा, काही ऐकू येत नाही,” ती फोनमध्ये ओरडली. “नाही, गोदामाचं नंतर. पाय गुंतलाय माझा. ठेव.”

वीस मिनिटं झाली. त्याने हात वर केला. तिने पाय सावकाश उचलला, इंजिन मंद झालं आणि मंदच चालत राहिलं. तो वाकून कान देऊन ऐकत होता. टकटक नव्हती. मास्तर खुर्ची उचलून घरात गेले.

“म्हणजे आता ही आणखी दहा वर्षं,” ती म्हणाली.

“पंधरा,” असं म्हणून तो गाडीच्या पायरीवर बसला. पाठ सरळ व्हायला तयार नव्हती.

मग तिने खिडकीतून फोन पुढे केला.

“दादाला तुम्हीच सांगा. मला उतरता येत नाहीये, पाय बधिर झालाय.”