मागची खुर्ची

कवळीवाल्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती वाचायला कुणी थांबत नसे. गल्लीत, किराणा दुकानात, दवाखान्यांत, सगळीकडे ते कवळीवालेच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि हे घराच्या मागच्या खोलीत बसून त्या ठशांवरून कवळ्या बनवत. ‘चणे आहेत तर दात नाहीत’ अशी गत झालेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी पुन्हा चणे खायला लावलं. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं ते सांगायचे. स्वतः मात्र हसत नसत. पूर्वी हसत. पूर्वी त्यांना मुलगा होता.

मुलगा लढाऊ विमान चालवायला शिकत होता. एकुलता एक, आणि इतका ऐकणारा की शेजारणी आपापल्या कार्ट्यांना त्याचा दाखला देत आणि ती कार्टी त्याचा मनापासून राग करत. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे आईने त्याला धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलेलं. शिकण्याच्याच एका उड्डाणात, शिकवणारे सर बरोबर असताना, विमान पडलं. त्या जातीच्या विमानात बाका प्रसंग आला की एक हँडल ओढायचं असतं. मग खुर्चीच माणसाला घेऊन बाहेर उडते आणि वर छत्री उघडते. सर असे उडाले आणि वाचले. मुलगाही उडाला, पण त्याची छत्री उघडायला खाली जागाच उरली नव्हती.

अंत्यसंस्काराला आलेला मुलाचा एक सोबती रडता रडता बोलून गेला, "सर आधी बाहेर पडले." कवळीवाल्यांच्या बायकोने या चार शब्दांवर पुढची सगळी वर्षं काढली. "गुरू म्हणवतो मेला, आणि पोराला टाकून आधी स्वतः उडी मारतो!" सकाळी चूल पेटवताना एकदा आणि दिवे लावताना एकदा, एवढं ती म्हणायचीच. सर एकदा काठी टेकत दारात आले होते. तिने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. "इथे कुणी राहत नाही," असं फटीतून सांगून तिने दार लावलं. कवळीवाले तिच्या मागेच उभे होते. दार उघड, असं काही ते म्हणाले नाहीत. राग त्यांनाही तितकाच होता, फक्त त्यांच्या रागाला तोंड नव्हतं.

पुढे साखरेने तिचे डोळे नेले. डोळे गेले, जीभ शाबूत राहिली, त्यामुळे घर चालू होतं. भांडं कुठलं, डबा कुठला, नवऱ्याच्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलंय, सगळं ती बोटांनी बघायची. मग साखर बोटांपाशी पोचली. आधी करंगळीचं टोक बधिर झालं, मग शेजारचं. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच पुढे सरकणार, यावर उपाय नाही. त्या संध्याकाळी ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तो कुठे बसला होता ते मला बघायचंय. बोटं आहेत तोवर. नंतर तुम्ही सोन्याचं विमान आणलंत तरी माझ्या काय कामाचं?"

कवळीवाले खेळण्यांच्या दुकानात गेले. तिथे त्याच विमानाचा जुळणीचा संच मिळाला. चौकटीला चिकटलेले प्लास्टिकचे भाग कापून काढायचे, घासायचे, जोडायचे. प्रमाण एकास बत्तीस, म्हणजे दातांच्या माणसाला शोभेलसंच. पण खोक्यातलं विमान एकट्याचं होतं. शिकवायचं, दोन खुर्च्यांचं, या मापात कुणीच बनवत नव्हतं.

"ज्यांना हवं ते घरी एकाचं दोनाचं करतात, काका," दुकानदार म्हणाला. "नाक, पंख, शेपूट खोक्यातलं. मधलं पोट आपल्या हातचं."

हाताला कवळीवाले कधीच कमी नव्हते. त्यांनी चालकाच्या जागेच्या मागे बारीक करवतीने विमानाच्या पोटाचे दोन्ही अर्धे कापले. मधल्या फटीत पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या कड्या बसवल्या, त्यांवर पातळ पत्रा शेकून वाकवून चढवला, सांध्यात पुट्टी भरली आणि नखाला सांधा लागेनासा होईपर्यंत ओल्या पॉलिश कागदाने घासलं. काचेचं लांब झाकण खोक्यात नव्हतंच. त्याच्यासाठी दातांच्या प्लास्टरचा साचा कोरला आणि झोपेत दात खाणाऱ्यांसाठी ज्या मशीनवर ते पारदर्शक टोप्या काढत, त्याच मशीनवर तापलेला पत्रा त्या साच्यावर ओढून घेतला. पहिलं झाकण सैल निघालं. पत्र्याच्या जाडीइतका साचा बारीक करायचा, हे कवळीत कधी न चुकलेलं गणित इथे चुकलं. स्वतःला दोन शिव्या घालून त्यांनी दुसरं काढलं.

पुढची जागा खोक्यातूनच तयार आली होती. तळ, बाजू आणि खुर्ची असा एकच ओतीव तुकडा. त्याला त्यांनी राखाडी रंगाचे दोन हात दिले, दोन्ही अर्ध्यांच्या मधे चिकटवला आणि पोट बंद केलं. ती सरांची जागा, तिच्यासाठी कोण जीव टाकणार? शिकवणारा पुढे आणि शिकणारा मागे, यात विचारण्यासारखं काय होतं? ते स्वतः उस्तादाच्या पाठीमागच्या स्टुलावर बसून, त्याच्या खांद्यावरून डोकावत कवळ्या शिकले होते. मुलाने फोनवर कधी जागेचं काही सांगितलं नव्हतं. तो फक्त आईची तब्येत विचारायचा.

जीव त्यांनी टाकला तो मागच्या खुर्चीत. डोकं टेकायची गादी, पाठीची गादी, टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याचे पट्टे, कवळीच्या तारेची बक्कलं. खुर्ची बोटाच्या पेराएवढी, पण शिवण दिसावी म्हणून गादीवर त्यांनी सुईने टोचे मारले. प्रत्येक तुकडा आधी बायकोच्या हातावर जायचा.

"हे काय?"

"खांद्यावरचा पट्टा."

"फार आवळलेला नाही ना?"

"नाही गं. बेताचा आहे."

एकदा तिच्या पहिल्या बोटाला पट्टा सापडला नाही. तिने गुपचूप मधलं बोट पुढे केलं. नवऱ्याला कळलं नसेल, असं तिला वाटलं. त्यांनीही कळलं नाही असं दाखवलं.

मग तिने विचारलं, "आणि ते हँडल कुठे आहे?"

त्यांनी जमवलेल्या विमानाच्या कुठल्याच फोटोत ते नव्हतं. फोटो बाहेरून काढलेले, आत नुसता काळोख. डोक्यावर असेल, बाजूला असेल, कुठेही असेल.

"अंदाजाने लावतो," ते म्हणाले.

"अंदाजाने? पोराच्या बाबतीत?"

माहीत असलेला एकच माणूस होता. प्लास्टर आणायला जातो असं सांगून कवळीवाल्यांनी विमान कवळीच्या मोठ्या डब्यात कापसात ठेवलं आणि बस धरली.

सर तळमजल्यावर राहत होते. जिने त्यांना चढवत नसत, त्या उडण्यात पाठीचे मणके चेपले ते चेपलेच. त्यांनी दार उघडलं, ओळखलं आणि काही न विचारता बाजूला झाले. वाटेत कवळीवाल्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "हँडल कुठे असतं?" आणि त्यांनी विमान टेबलावर ठेवलं.

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मागच्या खुर्चीच्या गादीला बोट लावलं.

"किती हुबेहूब केलीत हो तुम्ही माझी खुर्ची."

"तुमची?"

"शिकाऊ पुढे बसतो. शिकवणारा मागे, जरा उंचावर, त्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून. हे पहिल्यापासून असंच आहे."

कवळीवाल्यांनी मागच्या खुर्चीकडे पाहिलं. ते पट्टे त्यांनी या माणसाच्या खांद्यांसाठी कापले होते. टोचे याच्या गादीवर मारले होते. आणि पोटच्या पोराला खोक्यातल्या ओतीव तुकड्यात बसवून वर दोन हात रंग दिला होता. टेबलावरचं विमान उचलून भिंतीवर आपटावं असं त्यांना वाटलं, पण त्याऐवजी त्यांनी इतकी वर्षं तोंडात धरलेलं वाक्य बाहेर काढलं.

"तुम्ही आधी उडालात."

"हो. मागची खुर्ची नेहमीच आधी उडते. हँडल दोघांपैकी कुणीही ओढलं तरी. पुढची आधी गेली तर तिच्या जाळात मागचा भाजून निघेल, म्हणून तसं बसवलेलंच असतं. मागचीनंतर अर्ध्या सेकंदाने पुढची."

"ओढलं कुणी?"

"त्याने." सरांनी चष्मा काढला. "इंजिन बंद पडलं होतं. मी म्हटलं, थांब, मी सांभाळतो. तो थांबला. पुन्हा म्हटलं, थांब. पुन्हा थांबला. मग विमान कलंडायला लागलं तेव्हा त्याने मला न विचारता ओढलं. त्याने शेवटी माझं ऐकलं नाही, म्हणून मी इथे बसलोय. आधीच ऐकलं नसतं तर तोही आज कुठेतरी बसला असता. हेच सांगायला आलो होतो तुमच्या दारात."

माफ करणं कवळीवाल्यांना जमेना आणि शिवी द्यायला आता धीर होईना. त्यांनी विमान कापसात गुंडाळलं. दारापर्यंत गेल्यावर मागून सरांचा आवाज आला, "दोन गुडघ्यांच्या मधे. कडं असतं, पिवळं-काळं."

बसमध्ये त्यांनी ठरवून टाकलं, काही बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागच्या खुर्चीत कडं लावायचं, तिचं बोट त्यावर ठेवायचं, संपलं. पुढची जागा नव्याने करायची तर बंद केलेलं पोट पुन्हा कापावं लागणार, आणि तेवढे दिवस तिच्या बोटांत होते कुठे? शिवाय तिच्या आयुष्यात रागाशिवाय धरायला राहिलं तरी काय होतं? तो काढून घेतला तर ती उभी कशावर राहणार? विचार अगदी शहाणपणाचा होता. त्यांनी तारेचं कडं वळवलं, रंगवलं, मागच्या खुर्चीत बसवलं आणि बायकोला हाक मारली.

तिने बोट घातलं. कडं सापडलं. तिचा सगळा चेहरा हलला.

"इथे बसला होता माझा..."

"नाही," कवळीवाले म्हणाले. आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुढची जागा, मागची जागा, अर्धा सेकंद, दोन वेळचं ‘थांब’. काहीही गाळलं नाही. ती ऐकत राहिली, बोट तिथेच ठेवून.

"अर्धा सेकंद म्हणजे किती हो?"

त्यांनी पोलादी सुरीची मूठ टेबलावर दोनदा आपटली. टक, टक.

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "म्हणजे आयुष्यात एकदाच त्याने मोठ्यांचं ऐकलं नाही. तेही उशिरा. आणि ऐकायला शिकवलं कुणी? मी."

"आपण दोघांनी," ते म्हणाले. पण ते तिने घेतलं नाही.

त्यानंतर ती बोलायची थांबली. सकाळचं नाही, संध्याकाळचं नाही. ज्या जिभेला कवळीवाले जन्मभर टरकून होते, ती गप्प झाल्यावर घर त्यांना खायला उठलं. आपण बोललो ते चुकलंच, खरेपणाची ही खाज आपल्याला कुणी सांगितली होती, असं ते स्वतःशी शंभरदा म्हणाले. आणि एका सकाळी ती मागच्या खोलीत आली.

"पुढची कापा."

"अगं, पुन्हा सगळं करायचं तर वेळ लागेल. तुझी बोटं..."

"कापा म्हणते ना."

तिने विमानाचं नाक दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांनी करवत चालवली. डिंक लावून जोडलेलं असतं तर सुटलं असतं. हे प्लास्टिक प्लास्टिकमध्ये विरघळून एक झालेलं, कापण्यावाचून इलाज नव्हता. भुसा तिच्या मनगटांवर पडत होता. नाक सुटून हातात आलं तेव्हा तिने ते छातीशी धरलं आणि बराच वेळ दिलं नाही.

कवळीवाल्यांनी नवी खुर्ची करायला घेतली. घाई केली, एक बिघडवली, दुसरी घेतली. चिकटवलेलं त्याच्या वेळेनेच वाळतं, त्याला कुणाच्या साखरेशी देणंघेणं नसतं. दातांच्या डॉक्टरांचे फोन येत राहिले, गावातले म्हातारे दातांवाचून ताटकळले. मधेच एक दिवस बायकोच्या तळहातावर मोठा फोड दिसला. चहाचं पातेलं तिने फडक्याशिवाय उतरवलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं.

खुर्ची झाली. मागच्या खुर्चीपेक्षा चांगली झाली. पट्टे, टोचे, गुडघ्यांच्या मधे कडं. ती जागेवर ठेवून त्यांनी बायकोचं बोट धरून आत नेलं.

ती वाट बघत राहिली. "कुठाय?"

"बोट खुर्चीतच आहे तुझं."

तिने बोट फिरवलं. दुसरं घातलं, तिसरं घातलं, हात बदलला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मला काहीच लागत नाही हो."

कवळीवाले विमानाकडे बघत बसले. सगळं वेळेवर करायचं एवढं एकच काम होतं आणि तेच झालं नव्हतं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. कवळी केसाएवढी उंच झाली तरी माणूस दुसऱ्या दिवशी परत घेऊन येतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. जे बोटाला कळत नाही ते तोंडाला कळतं. त्यांनी चिमट्याने खुर्ची अलगद बाहेर काढली.

"ओठ पुढे कर."

खुर्ची तिच्या खालच्या ओठाला लागली. ती अगदी स्तब्ध झाली. मग ओठ हळूहळू खाली सरकला.

"ही डोक्याची जागा," ती म्हणाली. "हे पट्टे."

"हो."

"आणि हे कडं?"

"तेच."

तिने ओठ काढला नाही. इतक्या जवळून बोलत होती की शब्द निम्मे श्वासातच विरत होते.

"ओढ रे," ती म्हणाली. "कुणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा नाही. थांबू नकोस, ओढ."

कवळीवाल्यांनी खुर्ची तशीच धरून ठेवली.