आईने रॅमचं माप पाठवलं

गुरुवारी अकोल्यात माझी चांगलीच फजिती झाली... आणि झाली ते बरंच झालं, म्हणून लिहितोय.

आधी थोडं मागचं सांगतो. माझी आई शिवणकाम करते. अमरावतीत आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिनेच शिवलेत. गुडघे दुखायला लागले तसं मशीनवर बसणं कमी झालं, आणि मग ती दर शनिवारी दुपारी माझ्या जुन्या लॅपटॉपवरून ऑनलाइन ब्लाउज शिकवायला लागली. सात-आठ जणी असतात. त्या दिवशी ती सकाळपासूनच खुशीत असते.

पण दोन शनिवारांपूर्वी घात झाला. लॅपटॉप हँग होऊन चित्र थिजलं, आवाज मात्र सुरूच... आई सांगत होती मागच्या भागाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो गोल भाग, आणि स्क्रीनवर दिसत होता पुढच्या भागाचा. मूर्तिजापूरच्या पूजाने दिसलं तसं कापलं. मागचा मुंढा कमी खोल हवा, तोही पुढच्याइतकाच खोल! कापड तिच्या बहिणीच्या लग्नातलं होतं.

पूजा बिचारी 'जाऊ द्या काकू' म्हणाली. पण आईला ते फार लागलं. "माह्यामुळं पोरीचं कापड गेलं, आता क्लास बंद," म्हणाली आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. नवा लॅपटॉप घेऊ म्हटलं तर तेही नको, याची बटनं हाताच्या सवयीची आहेत म्हणे.

मग घरातला एकमेव इंजिनियर, म्हणजे मी, पुढे सरसावलो. रॅम वाढवली की झालं काम! मॉडेलचं नाव टाकून ऑनलाइन मागवली, मागचं झाकण उघडलं, स्क्रू आईच्या बटनांच्या डबीत टाकले आणि आईला टॉर्च धरायला लावला.

रॅमची नवी पट्टी काही बसेना. खाच भलतीकडेच... लॅपटॉपला लागते DDR3, मी आणली होती DDR4, पुढच्या पिढीची. एकाच नावाची मॉडेलं दोन वेगळ्या वर्षांत निघतात आणि आतून वेगळी असतात, हे मी पाहिलंच नव्हतं. जरा दाबून बघावं म्हटलं तर आईने हातच धरला.

"जबरदस्ती काहून करून राहिला? न बसणारी बाही मी कधी ओढून लावली काय?"

नवी रॅम परत पाठवली. गुरुवारी ऑफिसच्या कामाने अकोल्याला जायचंच होतं, तिथून घेऊ म्हटलं. निघताना आई म्हणाली, जुनी सोबत ने. मी हसलो. हे काय मॅचिंग सेंटर आहे का, DDR3 आठ जीबी एवढं सांगितलं की मिळते! डबा भरते म्हणत ती माझी बॅग आत घेऊन गेली... तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अकोल्यात कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काकांनी पहिलं विचारलं, जुनी आणली काय? नाही. मग व्होल्ट किती? आता रॅमलाही व्होल्ट असतो हे मला काय ठाऊक... काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"डोळे घरी ठेवून चष्म्याचा नंबर काढाले आले काय तुमी?"

दुकानातले सगळे हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तेवढ्यात आईचा फोन.

"पोचला काय दुकानात? बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात माह्या चष्म्याचं घर हाये. ते दे त्याईले."

उघडलं तर आत कागदात गुंडाळलेली जुनी रॅम. टॉर्च धरता धरता आईने सगळं पाहून ठेवलं होतं आणि स्वतःच ती अलगद काढली होती. सोबत एक चिठ्ठी... गिऱ्हाइकाच्या कापडाला ती टाचणीने लावते ना, तसली मापाची. रॅम कागदावर ठेवून पेन्सिलीने खाका काढलेला, खाचेसकट. बाजूला पट्टीवर छापलेलं सगळं उतरवलेलं. 1.35V सुद्धा.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"लोक नुसते जीबी इचारतेत भाऊ. दीड व्होल्टवाली नेली असती तर बसली असती, पण हा लॅपटॉप चालूच झाला नसता. कोन हायेत या बाई?"

माझी आई, मी म्हणालो. जरा मान ताठ करूनच म्हणालो.

काका रॅम शोधत होते तोवर मी चिठ्ठी पुन्हा पाहिली. अगदी खाली, गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तिथे आईने स्वतःचं नाव लिहिलं होतं. पुढे, 'शनिवारी पाहिजे. अर्जंट.' आणि त्याखाली दोन रेघा.

लग्नसराई असो की दिवाळी, आजवर हा शब्द लोकांनी तिला ऐकवला आणि तिने सगळ्यांचं वेळेत दिलं. स्वतःचं काही अर्जंट आहे असं ती कधी म्हणाली नाही... आणि मीही कधी विचारलं नाही. दुकानात उभ्या उभ्या डोळे भरून आले.

शुक्रवारी सकाळी रॅम बसली. आईनेच बसवली, तिरकी सरकवून हळूच दाबली... टक्! शनिवारी कात्री ड्रॉवरमधून बाहेर आली. पूजाच्या कापडाला जोड कुठे द्यायचा ते आईने सगळ्यांना दाखवलं, आणि चित्र एकदाही थांबलं नाही.

चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे. आई, तुझं अर्जंट काम या वेळी वेळेत झालं. पुढच्या वेळी चिठ्ठी नको लिहू गं... नुसतं सांग.