विहीणबाईंचा कान आणि आमचा पाळणा

आमच्या घरात किस्से साठतात ते भुशासारखे. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा पायाला लागतात. मसोलीला घरामागेच यांचं सुतारकामाचं शेड आहे, त्यामुळे भुसा आणि किस्से दोन्ही माझ्याच झाडूखाली येतात.

शेडमध्ये माणसं दोनच. माझे यजमान आणि त्यांचे वडील, अप्पा. अप्पांचा विश्वास हातातल्या स्क्रूड्रायव्हरवर, यांचा बॅटरीच्या मशीनवर आणि पांढऱ्या डिंकावर. एकमेकांवर मात्र दोघांचाही नाही.

त्यात आमच्या लेकीला, मंजूला, दिवस गेले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. माझे सोळा सोमवार झाले होते, संकष्ट्या चालूच होत्या. देवीपुढे मी बोलून ठेवलं होतं, बाळ पाळण्यात पहिलं निजेल ते आमच्याच शेडमध्ये केलेल्या. मागणं काही फार मोठं नव्हतं. पण मध्ये विहीणबाई होत्या.

* * *

विहीणबाई तलासरीकडे झरीला राहतात. भातशेतीचं घर, मन चांगलं, पण कान भारी तिखट. मंजूच्या लग्नात आम्ही दिवाण दिला होता. अप्पांनी हातानं स्क्रू पिळून केलेला, डिंकाचा थेंब नाही. पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि दिवाण करकरायला लागला. तेव्हापासून आमच्याकडची कुठलीही लाकडी वस्तू दिसली की त्या आधी कान लावतात.

एकदा आमच्याकडे जेवायला आल्या, तर बसण्याआधी पाट हलवून ऐकला.

मी विचारलं, "काय म्हणतोय?"

"अजून तरी गप्प आहे. भात वाढा, मग बघू."

पाळण्याचं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण लाकडी नको. अच्छाडला हायवेवर लोखंडी मिळतात. लोखंड बोलत नाही."

"एकदा बघा तरी."

"बघेन की. कान लावूनच बघेन. आवाज आला, तर लोखंडी."

* * *

बॅटरीचं मशीन घरात आलं त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं. अप्पा लांबून बघत होते. हे उत्साहात. आधी बारीक भोक पाडायचं असतं ते राहिलं, मशीन ठेवलं पूर्ण जोरावर, आणि चौरंगाच्या पायात स्क्रू घातला. खाट्कन पाय उभा चिरला.

अप्पा मला म्हणाले, "सूनबाई, तू कुंकू वाहिलंस. यानं नारळ फोडला."

पुढे हे शिकले. आधी भोक, मग मशीनची कडी फिरवून जोर कमी. आता स्क्रू पुरेसा बसला की मशीन टर्र टर्र करतं आणि पुढे पिळत नाही. अप्पांना त्याचाही संशय.

"दमलं वाटतं."

"दमलं नाही अप्पा. बस म्हणतंय."

"आणि तू ऐकतोस त्याचं?"

"ऐकावं लागतं."

"मी जन्मभर बस म्हणतोय, ते नाही ऐकलंस कधी."

* * *

संशय काही पुरुषांनीच घ्यावा असं नाही. मलाही होता, डिंकाचा.

अप्पा तरुणपणी सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्याहाडांचा असतो तो, शिजवून पातळ करायचा. सासूबाई त्याचं भांडं अंगणाच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. मग हा पांढरा डिंक तरी कशाचा? बाळाचा पाळणा, त्यात देवीला बोललेला. मला काही चैन पडेना. संकष्टीच्या दिवशी मी डहाणू रोडच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले.

"भाऊ, यात जनावराचं काही नाही ना?"

"नाही काकी. सगळं केमिकल."

"नक्की?"

"नक्की."

"सगळ्याच डब्यांत?"

"सगळ्याच."

"आणि मीठबीठ काही?"

त्यानं डबा खाली ठेवला. "काकी, लाकूड जोडायचंय की उपास सोडायचाय?"

डबा मी घेतला. घरी येऊन दोन तुळशीची पानंही ठेवली त्याच्यावर. हे हसले. हसू देत.

* * *

त्याच सुमारास न्हाणीतल्या चंदनाच्या साबणाला भोकं पडायला लागली. बारीक, खोल. मी म्हटलं उंदीर. पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. भाकरी तशीच, साबणाला नवी भोकं.

एका सकाळी बघते तर अप्पा मूठभर स्क्रू घेऊन साबणापाशी. एकेक स्क्रू त्यात खुपसून काढत होते. साबण लागला की स्क्रू लाकडात हलका जातो, आणि अप्पांच्या मनगटात आता पूर्वीचा जोर राहिलेला नाही. हे मात्र ते कुणाला सांगणार नाहीत. मीही गुपचूप पिंजरा उचलून ठेवला.

त्या आठवड्यात उंबरगावहून एक बाई पाट घ्यायला आल्या. अप्पांनी केलेला पाट त्यांनी उचलला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग आवाज खाली आणून यांना विचारलं, "चंदन छे? मग असं उघड्यावर कसं विकता? कुठून आणलं?"

यांनी पाट हुंगला. मग अप्पांकडे बघितलं.

अप्पा म्हणाले, "माझ्या हातालाच येतो तो वास."

* * *

पाळण्याचं काम मात्र अडलेलं. हे म्हणत, डिंकाशिवाय करणार नाही. सुकल्यावर सगळा भार डिंकच घेतो, स्क्रू फक्त तोवर फळ्या दाबून धरायला. अप्पा म्हणत, "मग सुकल्यावर स्क्रू काढून घे. पुढच्या कामाला होतील." मंजूचे दिवस भरत आलेले, आणि लाकूड भिंतीला टेकून उभं.

एके दिवशी सकाळी शेडमधल्या, यांनी डिंक लावून केलेल्या तयार स्टुलाचे सगळे स्क्रू गायब! यांनी आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला, मग आत येऊन मला विचारलं, "काल शनिवार होता. लोखंड दान केलंस का कुणाला?"

म्हटलं, "तुम्हाला विचारल्याशिवाय तेलसुद्धा घालत नाही मी शनीला." हे काही खरं नव्हतं, पण वेळ तशी होती.

शोधत मागच्या पडवीत गेलो, तर अप्पा त्याच स्टुलावर बसलेले. स्क्रू मुठीत.

"अप्पा, काय करताय?"

"पडायची वाट बघतोय."

चहा तिथेच नेऊन दिला. जेवणाचं ताटही तिथेच. मधून मधून ते अंग डावीउजवीकडे हलवायचे आणि खाली वाकून सांध्याकडे बघायचे. उन्हं कलली तेव्हा उठले, स्टूल जमिनीवर आपटून पाहिलं, आणि स्क्रू यांच्या हातावर ठेवले.

"घाल परत. पाळण्याला डिंक लाव. पण भोकं मी पाडणार. तुझ्या भोकांवर माझा विश्वास नाही."

शिसवीचा पाळणा झाला. भोकं अप्पांची, डिंक आणि मशीन यांचं.

* * *

मंजूला मुलगी झाली. बारसं आमच्याकडे मसोलीला. बारशाला वरवंट्याला कुंची घालून आधी तोच पाळण्यात ठेवतात, तो मान विहीणबाईंचा. त्यांनी वरवंटा ठेवला, झोका दिला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

"जरा थांबा ग," विहीणबाई म्हणाल्या.

गाणं थांबलं. त्यांनी पाळण्याच्या कोपऱ्याला कान लावला. मग दुसऱ्या कोपऱ्याला. हे आणि अप्पा दारात उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. मी मनात देवीचं नाव घेत होते. वरवंटा हलत होता, आवाज कशाचाच नव्हता.

"काही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"माणसं बघून दबलाय. गर्दी पांगली की कळेल. तोवर अच्छाडचं पक्कं धरा."

* * *

जेवणं झाली, पाहुण्या गेल्या. विहीणबाई स्वयंपाकघरात पान लावत बसल्या. इकडे मुलगी रडायला लागली. मंजूनं झोके दिले, मी दिले, यांनी दिले. पाळणा लोण्यासारखा हलतोय, आणि पोर लालबुंद.

अप्पा आले. जमिनीवर बसले, दोरी हातात घेतली. नातीच्या मुलीकडे वाकून बघितलं. मग एका झोक्याबरोबर त्यांनी घशातून बारीक आवाज काढला.

"कर्र..."

पोरगी थबकली.

"कर्र... कर्र..."

तिनं मूठ तोंडाजवळ नेली. अप्पा झोका देत राहिले, आवाज काढत राहिले. आणि स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा शांत, समाधानी आवाज आला, "ऐकलंत ना ताई? लागला बोलायला."

हे ताडकन उठले, सांगायला निघाले. मी मागून त्यांचा सदरा धरला. पोरीचे डोळे मिटत आले होते.