उत्तर आल्याशिवाय होडी सुटत नाही

आमचा चष्मेवाला स्वस्थ बसलेला मी फक्त भिंग घासताना पाहिलाय. एरवी हा माणूस म्हणजे उकळत्या भांड्यावरचं झाकण. बसला की गुडघा हलतो, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजतात, आणि बोलता बोलता तुमच्या नाकावरचा चष्मा काढून तो कधी पुसायला लागतो ते तुम्हालाही कळत नाही. एकदा माझा चष्मा असाच पुसता पुसता तो बाहेर कुणाशी तरी बोलायला निघून गेला, आणि मी इकडे कोपऱ्यातल्या उभ्या पंख्याला गिऱ्हाईक समजून हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

त्याला सगळे पलीकडले म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे. पण पार्सलवालासुद्धा "पलीकडले चष्मेवाले कुठे बसतात?" असंच विचारत येतो. हे नाव त्याला एका नाटकानं दिलं, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकायची नाही.

नाटकाचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही नाटकवेडे त्याला नुसतं 'होडी' म्हणतो. संगीत नाटक. बाप अंथरुणाला खिळल्यावर नावाड्याची मुलगी होडी हाती घेते, एवढीच गोष्ट. पण गाणी अशी की माणूस घरी जाताना रस्ता चुकावा. तिसऱ्या अंकात धुकं पडतं. मुलगी होडीचा दोर धरून पैलतीराला हाक घालते, "पलीकडे कुणी आहे का?" विंगेतून एक नट ओरडतो, "आहे, आहे!" मग ती दोर सोडते आणि गाणं पुढे जातं.

नावाड्याची मुलगी म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. दिवसा शिवणाचा वर्ग चालवते. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान असली तरी. तिच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. पण होडी चालवणारीला चष्मा कसा शोभेल? म्हणून रंगमंचावर ती चष्म्याविना उभी असते. समोर सगळं धुकंच, नाटकातलंही आणि तिचंही.

एका प्रयोगाला तिनं हाक घातली आणि विंगेतून उत्तरच येईना. त्या नटानं नेमकं तेव्हाच बिस्किटाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला होता, तो घशात बसला. तबलजी ठेका धरून घामाघूम. ताई दोर धरून उभी. तिला ना विंग दिसते ना माणसं. चौथ्या रांगेत तिचा धाकटा भाऊ होता, तेव्हा नुकता भिंगं घासायला शिकत होता. त्याच्यानं राहवेना. ताडकन उठून त्यानं बोंब ठोकली, "आहे, आहे!" नाट्यगृह हसलं, टाळ्या पडल्या, ताईनं दोर सोडला. पुढच्या प्रयोगापासून लोकच उत्तर द्यायला लागले. शेवटी नाटकवाल्यांनी विंगेतलं उत्तर काढूनच टाकलं. प्रेक्षागृह झालं पैलतीर, पहिली आरोळी चौथ्या रांगेची, आणि आरोळी देणारा झाला पलीकडले.

तर या 'होडी'वर सिनेमा निघणार अशी बातमी आली आणि पलीकडल्यांच्या दुकानाचं रणांगण झालं.

आमची बैठक तिथंच, अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या बाकावर. एका टोकाला निवृत्त हेडबाई, दुसऱ्या टोकाला शेजारचा औषधवाला, मध्ये मी, भांडण वाढू नये म्हणून. मी ते वाढवतो ही गोष्ट वेगळी.

"मालिकेतल्या त्या मोठ्या सुनेला घेतील बघा," औषधवाला म्हणाला.

"तिला?" हेडबाई कडाडल्या. "तिला रडायला सांगितलं की ती भुवया उडवते!"

"दिसायला बरी आहे हो."

"तुमच्याकडचं खोकल्याचं औषधही दिसायला बरंच आहे. प्यायल्यावर कळतं."

तक्त्यासमोर एक डोळा झाकून बसलेल्या गिऱ्हाइकाला राहवलं नाही. "मी म्हणतो, अगदी नवा चेहरा घ्यावा."

"तुम्ही आधी तिसरी ओळ वाचा," पलीकडले म्हणाले.

मग दिग्दर्शकावर घसरलो. औषधवाल्याला मारामारीच्या सिनेमांवाला हवा होता. हेडबाईंनी हातच जोडले. "तो काय करेल सांगू? पुढे एक होडी, मागे दहा होड्या, मध्ये स्फोट."

"पाण्यात स्फोट कसा होईल?"

"तो विहिरीतही करेल!"

"मग तुमचा तो संथवाला घ्या. त्याच्या सिनेमात माणूस दार उघडायला उठला, की आपण घरी जाऊन चहा पिऊन परत यावं. तरी याचा हात कडीपाशीच!"

मी हसून हसून बाकावरून घसरत होतो. पण पलीकडले हसत नव्हते. पुसलेलं भिंग पुन्हा पुसत होते.

"माझं ऐका," हेडबाई म्हणाल्या, "आवाज ताईंचा ठेवावा आणि चेहरा कुणाचा तरी."

"का? ताईच करतील की सगळं," औषधवाला सरळपणे बोलून गेला. "काय हो पलीकडले?"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. झाकल्या डोळ्याचं गिऱ्हाईकसुद्धा वळलं. पलीकडले उठले. "भिंगं घासायचं मशीन का गरम झालंय बघतो," म्हणाले आणि आत गेले. मशीन त्या दिवशी सुरूच केलेलं नव्हतं.

तिथं मला कळलं, या माणसाला काय टोचतंय ते. नावाड्याची मुलगी विशीतली. ताईच्या वर्गात शिकून गेलेल्या मुलींच्या मुली आता वर्गाला यायला लागल्या होत्या. रंगमंचावर ते चालून जातं. चौथ्या रांगेतून बघणाऱ्याला आवाजच दिसतो. पण चष्मेवाल्याचा धंदा वितीवरून माणसाचं तोंड बघण्याचा. कॅमेरा किती जवळ येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शेवटी दिग्दर्शक ठरला, तो मारामारीवाला नव्हे की संथही नव्हे. एक हळू बोलणारा तरुण गृहस्थ. एका प्रयोगाला येऊन गेला, जाताना ताईच्या पाया पडला आणि तिला चाचणीला बोलावून गेला. कॅमेऱ्यासमोर तेवढीच हाक गायची.

दुसऱ्याच दिवशी ताई दुकानात आली. मी बाकावर एकटाच होतो. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, वर्गातून उठून आलेली.

"धाकट्या, तुमच्या बैठकीत माझं नाव निघतं का रे?"

"निघतं की. रोज निघतं."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी? मी गिऱ्हाइकं बघत असतो."

"मग आता माझ्याकडे बघ." तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "शोभेन का मी?"

पलीकडल्यांनी तो चष्मा उचलला. पुसला. काडीचा स्क्रू घट्ट केला. सैल केला. पुन्हा घट्ट केला. "अगं, नाकावरची ही गादी झिजलीय," म्हणाले. "ही नवी घालून देतो."

"मी गादीचं विचारलं नाही."

"होईल गं सगळं. तू गा फक्त."

ताई खूश होऊन गेली. तो 'होईल' तिनं 'हो' म्हणूनच नेला. मग वर्गात मुलींना काजं शिकवतानाही ती गुणगुणायला लागली. इकडे पलीकडल्यांनी एका गिऱ्हाइकाला दोन्ही डोळ्यांची भिंगं उलटसुलट बसवून दिली. तो बिचारा दुकानातून निघाला आणि समोरच्या सायकलीची माफी मागून गेला.

चाचणीच्या दिवशी ताई, पलीकडले आणि मी, असे तिघे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या ठिकाणी मी आमंत्रणाची वाट बघत नाही. मोठी खोली, काळे पडदे, मधोमध एक लाकडी खांब आणि त्याला बांधलेला दोर. दिग्दर्शकानं आम्हाला भिंतीशी खुर्च्या दिल्या आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ताईनं चष्मा काढून भावाच्या हातात दिला आणि चाचपडत खांबापाशी गेली.

गायला लागली आणि दिवे लावणारे कामगारसुद्धा वर बघायचे थांबले. काय लागला होता आवाज! मग तिनं हाक घातली, "पलीकडे कुणी आहे का?"

आणि थांबली.

माझ्या शेजारी पलीकडल्यांचा गुडघा मशीनसारखा उडत होता. त्यांनी एका हातानं गुडघा दाबला, दुसऱ्यानं तोंड. मी मनात म्हणत होतो, गप्प बस बाबा, गप्प बस, तिचं नुकसान होईल. ताईची मान हळूहळू वळायला लागली, इकडून तिकडे, आवाज कुठून येतो ते शोधत.

"आहे, आहे!" पलीकडल्यांच्या तोंडातून सुटलंच.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. रागावला नाही. पलीकडल्यांना दंडाला धरून बाहेर नेऊन बसवलं आणि दार लावून घेतलं.

पुन्हा गाणं. पुन्हा हाक. पुन्हा ताई थांबली. आता मात्र उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. दिग्दर्शक हातानं खूण करत राहिला, पुढे, पुढे. पण खूण दिसायला चष्मा कुठे होता? शेवटी तो म्हणाला, "ताई, आपण थांबू नका. तसंच पुढे गा. उत्तर आम्ही मागाहून घालू."

"मागाहून?" ताई म्हणाली. "मग मी आत्ता कुणाला हाक मारतेय?"

तो कॅमेऱ्यापाशी गेला. मग तिथल्या छोट्या पडद्यावर तिचा चेहरा पुन्हा बघितला, बराच वेळ. मीही वाकून बघितला. नको होता बघायला. एक पिकलेली बाई अंधारात कुणाला तरी शोधत होती. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती, पण ती नावाड्याची मुलगी नव्हती.

"कळवतो," तो म्हणाला. हा शब्द कोणत्याही धंद्यात एकाच अर्थाचा असतो.

परत येताना ताई मध्ये, आम्ही दोघे दोन बाजूंना. रस्त्याच्या वळणावर ती थांबली. "धाकट्या, आता तरी सांग. शोभते का मी?"

या वेळी पुसायला चष्मा हातात नव्हता. तो तिच्या नाकावर होता. "नाही ताई," पलीकडले म्हणाले. "पडद्यावर नाही शोभत."

"हे तुला आज कळलं?"

"नाही. पहिल्या दिवसापासून."

ताईनं चष्मा नीट केला. "अख्ख्या गावाला नंबर तोंडावर सांगतोस. वाढला असेल तर वाढला म्हणतोस, रडू दे कुणी की चिडू दे. आणि मला म्हणे होईल सगळं!" पुढे ती एकटीच चालत गेली.

नंतर ती दुकानात फिरकली नाही. तिच्या नाकावरच्या गाद्या झिजल्या तरी आली नाही. बैठकीत बातमी आली की एका नव्या पोरीला घेतलंय. औषधवाला आणि हेडबाई लगेच तिच्या उंचीवरून भांडायला लागले. पलीकडल्यांना मात्र बसवेना. ते उंबऱ्यापर्यंत जात, रस्त्यावर बघत, परत येत. एका दिवसात त्यांनी काचेचं कपाट तीनदा लावलं आणि तीनदा काढलं. "अहो, आम्हाला गरगरतंय," हेडबाई म्हणाल्या, "बसा की!" ते बसले आणि बाकच हलायला लागला.

मग 'होडी'चा प्रयोग लागला. पलीकडले येणारच नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नसाल तर तुमची खुर्ची मी कुणाच्याही ताब्यात देईन. तेव्हा आले. चौथ्या रांगेत बसले, हात मांडीखाली दाबून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हेडबाई, त्यांच्या शेजारी औषधवाला.

तिसरा अंक. धुकं. दोर. "पलीकडे कुणी आहे का?"

सगळं नाट्यगृह गरजलं, "आहे, आहे!" पोरंटोरं, म्हातारीकोतारी, सगळी. मी तर खोकला येईपर्यंत ओरडलो. एकच माणूस गप्प होता.

ताईनं दोर सोडला नाही.

तबलजीनं ठेका पुन्हा धरला. तिनं पुन्हा गाऊन हाक घातली. लोकांना वाटलं आज दुप्पट गंमत आहे. छप्पर उडेल अशी आरोळी दिली. ताई हलली नाही. तिचे ते न दिसणारे डोळे बरोबर चौथ्या रांगेकडे लागलेले. मी पलीकडल्यांकडे पाहिलं. कधी नव्हे तो त्यांचा गुडघा थांबला होता.

"अरे," ताई म्हणाली. आता सुरात नाही, घरात बोलावं तशी. "आहेस की नाहीस?"

पलीकडले उठले ते पुढच्या खुर्चीवर गुडघा आपटूनच उठले. "आहे," म्हणाले. ते मलाच जेमतेम ऐकू आलं, म्हणून पुन्हा म्हणाले, "आहे, आहे!"

ताईनं दोर सोडला.

"सिनेमात हे कसं दाखवणार?" औषधवाला हेडबाईंच्या पुढ्यातून माझ्याकडे वाकून म्हणाला, तर हेडबाईंनी त्याला कोपर मारलं. "गाणं ऐका हो!"