रोगांना नावं ठेवणारे मामा

आमच्या दारव्ह्यात एखाद्याचं डोकं ठिकाणावर असलंच, तर तो अजून माझ्या मामांच्या नजरेस पडला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. मामा कापूस पिंजणाऱ्या जिनात वजनाच्या काट्यावर कामाला. वैद्यकाशी त्यांचा संबंध एका तक्त्यापुरता. माणसाच्या मेंदूचा तो रंगीत तक्ता त्यांनी स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी टांगला होता. महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, "राज्य मराठी झालं, मंग डोक्यातले रोग इंग्रजीत कायले?" मी तेव्हा गावोगाव सुधारणेची पत्रकं वाटत असे, कुणाविरुद्ध तरी असलेलं कुठलंही वाक्य मला लगेच पटे. हेही पटलं. पुढचं भोगावं लागलं.

कारण नावं तयार होत गेली तसे मामांना रोगी कमी पडू लागले. थांब्यावर न थांबणाऱ्या एसटी ड्रायव्हरला त्यांनी 'स्थानकविस्मृती' लावली. भर रस्त्यात बसकण मारलेल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून ते गाडीवानाला म्हणाले, "मारू नोको बाप्पा, याचा लहान मेंदू रुसला." जिनाचे मॅनेजर ओरडू लागले की हे 'क्रोधकेंद्रदाह' एवढंच पुटपुटून काट्याकडे वळत. माझ्या पत्रकांत ओळीगणिक उद्गारचिन्हं पाहून त्यांनी मला 'उद्गारोन्माद' दिला आणि भात कमी खायला सांगितलं. वरण उतू गेलं तेव्हा मामींना 'क्षणिक स्मृतिलोप' झाला. मामी म्हणाल्या, "तुमच्या मस्तिष्काले चहा पायजे का, तेवढं सांगा. दूध सरून राह्यलं."

मामांच्या काट्यावर कापूस आणणारे एक नायक होते, जवळच्या तांड्याचे प्रमुख. त्यांच्या तरुण सुनेला झटके येऊ लागले. बाहेरचं लागलं असं ठरलं, आणि तिला कायमची माहेरी धाडायला पंच बसले. हे कळताच मी पत्रकं घेऊन निघालो. मामा बैलबंडीत आपणहून चढले. तिथे मी 'भूत नाही, भ्रम आहे!' हे पत्रक खड्या आवाजात वाचलं. एका पंचाने ते मागून घेतलं आणि त्यात तंबाखू बांधली.

मग मामा उठले. झटका कसा येतो, अंग ताठ होतं का, नंतर काही आठवतं का, हे त्यांनी सुनेलाच विचारलं. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "मस्तिष्कविद्युत्क्षोभजन्य सर्वांगाक्षेप."

नायक म्हणाले, "पुन्ना सांगा भाऊ."

मामांनी पुन्हा सांगितलं, एक अक्षर इकडेतिकडे न होता.

"हे दिग्रसकडच्या कोन्या नायकाच्या घरी हाय?"

"अख्ख्या जिल्ह्यात या नावाचं कोनाले नसंन. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या भेटतात. पन रोज घ्या लागते."

"मी घेईन," दाराआडून सून म्हणाली. "मले धाडू नका."

नायकांनी पंचांकडे पाहिलं. त्यांनाही पंचांपुढे ठेवायला काहीतरी हवंच असावं. "येवढ्या मोठ्या नावाची सून," ते म्हणाले, "माहेरी कायले धाडू? उद्या यवतमाळले नेतो."

परतताना मी धुमसत होतो. "मामा, हे तत्त्वाला धरून नाही. तुम्ही त्यांना पटवलं नाही, दिपवलं. आणि ते नाव कुठल्या पुस्तकातलं?"

"बसल्या बसल्या जुळवलं. साधी मिरगी हाय ते."

"मग मिरगीच म्हणायचं!"

मामा बैलांकडे पाहत म्हणाले, "माह्या बहिनीले हेच होतं. तवा कोनी काहीच नाव देल्लं नाही. नुसतं 'लागलं' म्हने. अन् सासरहून धाडून देल्लं."

माझी सगळी पत्रकं त्या क्षणी निरुपयोगी झाली. कुणाविरुद्ध बोलावं तेच कळेना. घरात कुणी कधी उल्लेख न केलेल्या या मावशीचं नाव मी विचारलं.

"गोदी," मामा म्हणाले. इतकं लहान नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.