वरण-भाताचं लेखी कौतुक

बोटीवरच्या एका भल्या माणसाचं मी लेखी कौतुक केलं आणि त्याचं काम घालवलं. असला मूर्खपणा फक्त मीच करू जाणे.

लीड्सच्या इस्पितळात नोकरीला लागलेल्या नवऱ्याकडे मी बोटीने एकटीच निघाले होते. वय बावीस, पर्समध्ये शिष्टाचाराचं पुस्तक, डोक्यात हवा. कोणता काटा कधी उचलायचा, ते तोंडपाठ. शाकाहारी बाईने त्या काट्याने उचलायचं काय, ते मात्र पुस्तकात नव्हतं. तीन दिवस उकडलेले बटाटे खाल्ले आणि ओकत पडले. केबिनचा स्टुअर्ड वेंगुर्ल्याकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. चौथ्या दिवशी त्याने खलाशांच्या जेवणातला वरण-भात टॉवेलखाली झाकून आणला, वर लिंबाची फोड. मग रोजच आणू लागला.

सेवा आवडली तर सभ्य स्त्रीने मुख्य स्टुअर्डला चिठ्ठी लिहावी, असं पुस्तक सांगत होतं. महामायेने लिहिली. वरण, भात, टॉवेल, सगळं सविस्तर. स्पेलिंग दोनदा तपासलं, अक्कल एकदाही नाही.

खलाशांचं अन्न उतारूला द्यायचं नाही, हा बोटीचा नियम. मुख्य स्टुअर्ड माझ्या खुर्चीशी लवून म्हणाला, मॅडमना असा त्रास पुन्हा होणार नाही. त्रास म्हणे! आणि मी त्याला थँक्यू म्हणाले. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये नवाच माणूस, उकडलेला कोबी घेऊन. माझा स्टुअर्ड बोटीच्या तळाशी भांडी घासायला. मी जाऊन भांडले का? छे. सभ्य स्त्रिया आवाज चढवत नाहीत, हेही पुस्तकातच होतं. ते तेव्हाच समुद्रात फेकायला हवं होतं, आणि मागोमाग मला.

परवा नातीने साउदॅम्प्टनहून क्रूझला नेलं. शेवटच्या दिवशी उशीवर कार्ड: तुमच्या स्टुअर्डने तुमच्यासाठी खास काय केलं, ते लिहा. माझं डोकंच सणकलं. माणसांना लवायला लावणाऱ्या बोटी त्याच, चुगलीचा कागद तेवढा आता छापील. नात म्हणाली, "आजी, इट्स जस्ट फीडबॅक." मी कार्डाचे तुकडे केले आणि तिला हे सगळं सांगितलं.

शेवटचंही सांगितलं. टिलबरी बंदरात उतरायच्या आधी मी त्याला खाली जाऊन गाठलं. भांड्यांच्या सोड्याने त्याचे हात सोलवटले होते. मी माफी मागितली, तीसुद्धा इंग्रजीत. त्याने हात पुसले आणि म्हणाला,

"बाय, पोट भरला ना तुजा? मग झाला. पण पुढच्या टायमाक कोणाचा बरा करूचा वाटला, तर आधी त्येका इचार."